टर्बोसाठी इंधनप्रणालीतील बदल : माझदा मियाता १.६

मूळ टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो बसवल्यावर वाढलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिळावे म्हणून इंधनपंप, इंजेक्टर, दाबनियामक (रेग्युलेटर) आणि नियंत्रक संगणक (ईसीयू) यांत करावे लागणारे बदल. १९८९ साली अमेरिकेत विक्रीस आलेली माझदा एमएक्स-५ मियाता ही दोन आसनी गाडी या कामाचा बोलका नमुना आहे. तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद ११६ अश्वशक्ती, तर संपीडन गुणोत्तर ९.४ : १ आहे. टर्बोसाठी हे गुणोत्तर चढेच आहे, त्यामुळे इंधनातली चूक या इंजिनाला फारशी सोसत नाही.

वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) असताना हे प्रमाण ११.५ ते १२ वर आणतात. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता ओढून घेते आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) टळते. मिश्रण विरळ पडले, की त्याची खूण आधी स्पार्क प्लगवर उमटते. प्लग काढून भिंगाखाली धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात, आणि त्यांत कधी चकाकणारे बारीक मणीही असतात. ते मणी पिस्टनच्या वितळलेल्या ॲल्युमिनियमचे असतात. पुढची पायरी म्हणजे रिंगांमधली पिस्टनची कड तुटणे.

सुरुवातीच्या स्वस्त संचांत मूळ इंजेक्टर तसेच ठेवून फक्त दाब वाढवत. बूस्ट जितका चढेल त्याच्या कितीतरी पट दाब वाढवणारा रेग्युलेटर त्यासाठी परतीच्या नळीवर बसवला जाई. माझ्या मते हा उपाय अगदी कमी बूस्टपुरताच ठीक आहे, कारण इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट करावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी पंपाचा प्रवाह घटत असतो.

इंजेक्टरचा हिशेब सोपा आहे. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७५ ग्रॅम पेट्रोल धरतात. १८० अश्वशक्तीला ते साडेएकोणपन्नास किलो, म्हणजे तासाला ६६ लिटर होते. मिनिटाला ७,००० फेऱ्यांना क्रँकच्या दोन फेऱ्या १७ मिलिसेकंदांत उरकतात. इंजेक्टर त्यांतला ८५ टक्के वेळच उघडा ठेवावा, असे धरले तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला सुमारे ३२५ घन सेंटिमीटर क्षमतेचा लागतो. मियाताच्या मूळ इंजेक्टरची क्षमता दोनशेच्या थोडी वर आहे. ही तूट केवळ दाबाने भरायची, तर मूळचा ३ बार दाब ७ बारच्या पुढे न्यावा लागेल.

पंपाची छापील क्षमता ठरावीक दाबाला आणि व्होल्टेजलाच खरी असते. जुन्या, बारीक तारेतून पंपापर्यंत दीड-दोन व्होल्ट कमी पोहोचले, तर नवा पंपही कमी पडतो. म्हणून बॅटरीपासून जाड तार आणि वेगळा रिले घालावा. परतीच्या नळीतले पेट्रोल इंजिन थंड असताना, उघड्या हवेत, मापाच्या भांड्यात अर्धा मिनिट धरून प्रवाह मोजावा. ही चाचणी मात्र रेग्युलेटरला बूस्टइतका दाब देऊनच घ्यावी.

या गाडीची खरी अडचण हवामापकात आहे. १.६ मध्ये हवेच्या झोताने ढकलले जाणारे पाते असते. ते पूर्ण उघडले, की त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. पंप चालू ठेवणारा स्विचही याच मापकात आहे. त्यामुळे दाबसंवेदक असलेला स्वतंत्र ईसीयू लावून मापक काढून टाकला, तर पंपाचा रिले नव्या ईसीयूकडून चालवावा लागतो. ही तार विसरली, की गाडी चालू राहत नाही. मूळ ऑक्सिजन संवेदक १४.७ च्या आसपासच नेमके सांगतो. ११.५ पाहायला वाइडबँड संवेदकच हवा.

भारतातल्या ई२० पेट्रोलवर इथेनॉलमुळे तितक्याच हवेला सुमारे ७ ते ८ टक्के जादा इंधन लागते. तेव्हा वरच्या हिशेबातला ३२५ चा आकडा ३५० च्या घरात जातो.