व्हिडिओ-कला, स्त्री-कलावंत आणि सार्वजनिक प्रदर्शन

एखादे प्रदर्शन सर्वांस खुले असणे आणि ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक होणे या दोन भिन्न गोष्टी होत. महाराष्ट्रातील व्हिडिओ-कलेच्या अल्प इतिहासात हा भेद ठळकपणे दिसून येतो आणि तो दाखवून देण्याचे श्रेय बव्हंशी स्त्री-कलावंतांकडे जाते.

चित्र व शिल्प या कलांच्या मागे शतकांची परंपरा उभी होती आणि तिच्या द्वारपालांत स्त्रिया क्वचितच होत्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सहज नेता येण्याजोगा व्हिडिओ-कॅमेरा उपलब्ध झाला. या नव्या माध्यमात प्रस्थापित आचार्यच नव्हते. त्यामुळे स्त्रियांना त्यात मोकळा प्रवेश मिळाला. न्यूयॉर्क येथील ‘द किचन’ या संस्थेत १९७२ साली स्त्रियांचा व्हिडिओ-महोत्सव भरला. त्याच सुमारास तेथे जपानी वंशाच्या शिगेको कुबोता यांनी श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय व नवाहो या भिन्न समाजांतील तीन सहकारिणींसह संयुक्त प्रयोग सादर केले.

मुंबईत या वाटचालीची पूर्वतयारी अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेत झाली. सर ज. जी. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांनी तेथे चित्रफितींचे प्रयोग केले. मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब प्रथम कलकत्त्यास व पुढे मुंबईस आले. विस्थापनाचा हा संस्कार त्यांच्या कलेत टिकून राहिला.

१९८७ ते १९८९ या काळात मलानी, अर्पिता सिंग, नीलिमा शेख व माधवी पारेख या चौघींचे ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन देशात फिरले. त्यात व्हिडिओ नव्हता. तथापि सिंध, बंगाल, दिल्ली व गुजरातेतील खेडे अशी चौघींची पार्श्वभूमी भिन्न होती आणि एकत्र येण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. प्रदर्शनाचे कर्तृत्व स्त्रियांच्या हाती येणे, ही पुढील घडामोडीची पहिली अट येथे पुरी झाली.

दुसरी अट प्रेक्षकवर्गाची होय. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचणीनंतर मलानी यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही व्हिडिओ-मांडणी सिद्ध केली. सआदत हसन मंटो यांच्या फाळणीविषयक कथेवरून तिला नाव मिळाले. १९९९ साली ती मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मांडली गेली. या संग्रहालयात शाळकरी मुले आणि सहलीस आलेली कुटुंबे असा मिश्र समाज नित्य येतो. त्यांतील पुष्कळांनी कलादालनाची पायरी कधी चढलेली नसते. त्यांच्यासमोर बारा पत्र्याच्या ट्रंकांत बारा दूरदर्शन-पडदे ठेवलेले होते. ट्रंक ही घर सोडणाऱ्याची ओळखीची वस्तू असल्याने तिचा अर्थ सांगावा लागला नाही. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया, एक भारतीय व एक पाकिस्तानी, मिळून साडीची घडी घालू पाहतात. मध्ये दालनाचे अंतर असते. साडीची घडी ही घरोघरची क्रिया आहे. तिला लिपी नाही, म्हणून तिला भाषांतरही लागत नाही. राष्ट्रांच्या घोषणा ज्या अंतरापाशी थांबतात, तेथे हा हावभाव बोलू लागतो.

पुढे शिल्पा गुप्ता व कराचीच्या हुमा मुलजी यांनी २००० मध्ये ‘आर-पार’ या उपक्रमाद्वारे दोन्ही शहरांतील कलावंतांच्या कृती परस्परांच्या सार्वजनिक जागी नेल्या. मलानी यांनी २००५ मध्ये ‘मदर इंडिया’ ही पाच पडद्यांची कृती केली. भाषा, शरीर आणि वेदना यांविषयीच्या वीणा दास यांच्या निबंधातून तिला प्रेरणा मिळाली होती.

या इतिहासाचे महत्त्व महानगरापुरते नाही. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. बंजारा स्त्रियांचे आरसे व कवड्यांचे भरतकाम हे त्यांचे स्वतंत्र दृश्यविधान होय. काचेच्या कपाटात पोशाख ठेवता येतो. टाका घालणारा हात आणि त्यासोबतचे गोरबोलीतील गाणे ठेवता येत नाही. व्हिडिओ-माध्यम ही दोन्ही जपू शकते. मात्र कॅमेरा त्या स्त्रीच्या हाती आहे की केवळ तिच्यावर रोखलेला आहे, यावर ती कलावंत म्हणून गणली जाईल की प्रदर्शनीय वस्तू म्हणून, हे अवलंबून राहील.