एका दाराचा इतिहास

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह यांच्याकडे आपले लक्ष जाते. वाडा कोणी बांधला हे आपण विचारतो. त्याचे दार एवढ्याच रुंदीचे का ठेवले, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक आत काय नेता येईल आणि काय बाहेर राहील, हे दारच ठरवीत असते. अशाच एका दाराची हकीकत आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. हे दार शब्दांचे आहे आणि त्याचे नाव सॉकेट. मोबाइलवरून विजेचे बिल भरताना किंवा परदेशी असलेल्या मुलाशी बोलताना आपण नकळत याच दारातून ये-जा करीत असतो.

मुळात अडचण काय होती, ती प्रथम पाहू. संगणकावरचा प्रोग्राम स्वतः तारेवर काही पाठवीत नाही. मजकुराची लहान लहान पाकिटे करणे, हरवलेले पाकीट पुन्हा धाडणे, उलटसुलट आलेली पाकिटे क्रमाने लावणे ही कामे त्याच्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम करते. या कामाचा पाया विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात घातला. त्यातून वाढलेले टीसीपी-आयपीचे नियम अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने 1 जानेवारी 1983 रोजी स्वीकारले. परंतु हे नियम मुख्यतः दोन यंत्रांमधील व्यवहाराचे होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्याच यंत्राला ‘मला अमक्याशी बोलावयाचे आहे’ हे कोणत्या शब्दांत सांगावे, याचा केवळ ढोबळ नमुना त्यांत होता. नेमके शब्द ज्याने त्याने ठरवावयाचे होते.

ते ठरविण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींकडे आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने त्यासाठी पैसा पुरविला होता. या मंडळींच्या हाती होती युनिक्स, म्हणजे 1969 साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेली ऑपरेटिंग सिस्टिम. तिची शिस्त साधी होती : फाइल असो, टर्मिनल असो की छपाईयंत्र असो, सर्वांशी व्यवहार चारच क्रियांनी करावयाचा. उघडा, वाचा, लिहा, बंद करा.

पण दूरच्या यंत्राशी होणारी जोडणी फाइलीसारखी मानता येईल काय? फाइल आपल्या घरातली. उघड म्हटले की उघडते. जोडणीला मात्र दोन घरे लागतात. एकाने हाक मारावी लागते आणि दुसऱ्याने वाट पाहत बसावे लागते. बिल जॉय आणि त्यांचे सहकारी यांनी येथे व्यवहारी तोड काढली. ‘उघडा’ या एका क्रियेचे त्यांनी तुकडे केले : जोडणीचे टोक तयार करणे, त्यावर पत्त्याची पाटी लावणे, वाट पाहणे, आलेल्याला आत घेणे आणि पलीकडच्याला हाक मारणे. एकदा जोडणी झाली की पुढे पुन्हा तेच जुने वाचणे-लिहिणे. ऑगस्ट 1983 मध्ये बर्कलीच्या 4.2 आवृत्तीतून हे दार लोकांपुढे आले. 1986 च्या 4.3 आवृत्तीत या रचनेचे एक गोड फळ दिसले. एकच द्वारपाल प्रोग्राम अनेक दारांशी बसे आणि कोणी आले की जोडणी एखाद्या छोट्या प्रोग्रामाच्या हाती देई. त्या छोट्या प्रोग्रामाला जाळ्याचा गंधही असण्याची गरज नसे.

या दाराला प्रतिस्पर्धी नव्हता असे नाही. त्याच दशकाच्या उत्तरार्धात एटी अँड टी कंपनीने आपल्या युनिक्समध्ये टीएलआय नावाची दुसरी रचना आणली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आराखड्यावर ती बेतली होती आणि एका बाबतीत अधिक सभ्य होती. हाक कोणाची आहे हे पाहून मग होकार वा नकार द्यावा, अशी सोय तिच्या रचनेत होती. बर्कलीच्या दाराशी टीसीपीने आलेला पाहुणा प्रोग्रामाला दिसतो, तोवर यंत्राने परस्पर होकार दिलेला असतो. मात्र टीएलआयच्या जोडणीवर साधे वाचणे-लिहिणे करावयाचे, तर मध्ये आणखी एक जोडभाग बसवावा लागे. शिवाय ज्या मानकांवर तिची भिस्त होती, ती फारशी पसरलीच नाहीत. उलट बर्कलीने 1989 साली आपला जाळ्याचा भाग एटी अँड टीच्या परवान्याविना वापरण्यास मोकळा केला. 1993 पर्यंत विंडोजसाठीही याच वळणाची रचना ठरली आणि 2001 च्या पॉझिक्स मानकात सॉकेटला अधिकृत स्थान मिळाले.

येथवर विजयाची कथा झाली. आता कर्जाची ऐकावी. बर्कलीच्या रचनेने पलीकडच्या यंत्राचा आकडी पत्ता थेट प्रोग्रामाच्या हाती दिला होता. तो पत्ता 32 बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे 429 कोटी. हे अपुरे पडणार हे दिसू लागले, तेव्हा 128 बिटांचा नवा पत्ता आखण्यात आला. बर्कलीकरांची दूरदृष्टी अशी की पत्ता कोणत्या कुळातला, हे सांगण्याची जागा त्यांनी आरंभीच ठेवली होती. म्हणून दार पाडावे लागले नाही. पण पत्ता ठेवण्याच्या सामाईक साच्यात जागा होती 14 बाइटांची, आणि नवा पत्ता होता 16 बाइटांचा! किमान दोन बाइटांनी दार अरुंद पडले. 1999 साली मोठा साचा सुचविला गेला. नुसते नाव द्यावे आणि कोणत्याही कुळातले पत्ते मिळवावे, अशी क्रियाही आली. तोवर जुना पत्ता हाताशी धरून बसलेले प्रोग्राम जगभर पसरले होते. ते एकेक करून दुरुस्त करावे लागले. फेब्रुवारी 2011 मध्ये जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला, तेव्हाही ही दुरुस्ती पुरी झालेली नव्हती.

जानेवारी 2025 मध्ये इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या मंडळाने नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात प्रोग्रामाने केवळ आपली गरज सांगावयाची : मजकूर न गळता पोहोचावा, गुप्त राहावा, लवकर जावा. मार्ग आणि पत्ता खालच्या यंत्रणेने निवडावा. चाळीस वर्षांपूर्वी जे उघड्यावर ठेवले गेले, ते झाकण्याचा हा प्रयत्न आहे.

बर्कलीच्या त्या मंडळींना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या पुढ्यात काम होते, मुदत होती, आणि आपले दार पुढे सारे जग वापरील याची कल्पना त्यांना कशी असावी? पण नगरपालिकेचा अर्ज असो वा संस्थेची घटना असो, अनोळखी माणसांसाठी दार बांधणाऱ्या प्रत्येकाने ते 14 बाइट ध्यानात ठेवावे. एकदा लोक आत-बाहेर करू लागले की चौकट हलविणे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही.