जात्यावरची ओवी शाळेत का गेली नाही?

गाण्यातून गणित शिकवता येतं का? भूगोल, इतिहास? या प्रश्नाचं एक टोक आपल्याच वर्ध्यात आहे, म्हणून आज ती जुनी गोष्ट सांगतो.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि तिनं सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. तीच आपली नई तालीम. एका हस्तोद्योगाभोवती बाकीचे विषय गुंफायचे, याला समवाय म्हणायचे. पोर टकळीवर सूत काढते. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत २,५६० फूट सूत, झालं गणित. हिंगणघाटचा कापूस रेल्वेनं कुठं जातो हे विचारलं की भूगोल आला, आणि त्याच्या मागोमाग इंग्रजांचा इतिहासही.

वेळापत्रकात उद्योगाला रोज ३ तास २० मिनिटं होती. संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांना मिळून ४० मिनिटं. गणिताला गाण्याच्या पंगतीला बसवलं हे आम्हाला फार आवडतं. पण एका ताटात तिघं जेवले की शेवटच्याला काय उरतं, हे बाईला सांगायला नको.

त्याच काळात तिकडे ब्राझीलमध्ये हेइतोर व्हिला-लोबोस नावाचे संगीतकार १९३२ पासून रिओच्या शाळांतलं समूहगायन सांभाळत होते. अंगणात खेळताना मुलं म्हणतात ती लोकगीतं त्यांनी शाळांसाठी पुस्तकात आणली. पुढे मैदानांत हजारो मुलं एका सुरात गाऊ लागली, सरकारच्या आशीर्वादानं, देशभक्तीसाठी. त्यांनी गाणं मध्ये ठेवलं, आपण टकळी.

मग जात्याचं काय झालं? १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पांचं ते काम मगनवाडीतून चाले. हातानं दळलेल्या पिठाचा तिथं आग्रह होता. म्हणजे जातं वर्ध्यात उद्योग ठरलं. जात्यावरची ओवी मात्र घरातच राहिली. आम्हाला याचं कारण साधं वाटतं. दळण हे पहाटेचं, बाईचं काम. ते ऐकायला गुरुजी कशाला उठतील? ओवीचं बळ इथल्या माणसांना कळत नव्हतं असंही नाही. तुकडोजी महाराजांनी आरोग्य, ग्रामसफाई, शिक्षण असे विषय ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत मांडले, तेही ओवीतच.

आपल्या भुलाबाईचंच बघा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली टिपऱ्या घेऊन गातात, मग झाकलेला खाऊ ओळखायचा. सासर-माहेर, दागिने, धान्य, भाज्या, नाती, सगळं त्या गाण्यांत. पश्चिमेकडच्या हादग्यात तर कित्येक घरी पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळा दिवस चालतं. एकूण किती? मुलींना बोटांवर मोजू द्या. १३६ येतात. पहिली आणि शेवटची मिळून १७, अशा आठ जोड्या, हे एखादीला आपोआप सुचतं. बेरजेचं सूत्र पाठ करण्याआधी तिला ते सापडलेलं असतं.

इतिहासासाठी ओवीसारखा कागद नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्याकडच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्याही आहेत. ज्या बायांना अक्षर आलं नाही, त्यांनी आपल्या काळाची नोंद अशी ठेवली. हे काम आपल्याकडे, सेलू-आर्वी-समुद्रपूरच्या गावांत, शाळेनं का करू नये? सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू आहे, तिथं नई तालीम आजही चालते. म्हणजे वाट मोडलेली नाही.

घाई मात्र आहे. गिरणी आली तशी ओवी थांबली. ज्यांनी तरुणपणी दळलं त्या आता आजी, पणजी झाल्या. तेव्हा घरातल्या म्हातारीला विचारा आणि पोरांना वहीत लिहू द्या. गाणाऱ्या बाईचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, काय दळताना म्हणायची, ज्वारी की गहू, आणि पायलीत किती शेर धरायची. गावांची नावं जिल्ह्याच्या नकाशावर मांडा. ओवी पुस्तकी भाषेत सुधारू नका. ती 'जाऊन राहिली' म्हणत असेल तर तसंच लिहा. आणि नाव छापायचं की नाही, हे आधी तिलाच विचारा.