‘सिटी ब्रेक’ला मराठीत काय म्हणावे?

पर्यटनाच्या मराठी जाहिरातींत हल्ली ‘सिटी ब्रेक’ हा शब्द दिसू लागला आहे. एकच शहर निवडायचे, तिथे तीन-चार दिवस राहायचे आणि परत यायचे, एवढाच त्याचा अर्थ. आता परभणीच्या एखाद्या जोडप्याने जूनमध्ये असे कोपनहेगनला जायचे ठरवले, तर शेजाऱ्यांना काय सांगावे? सहल म्हणावी, तर ती सकाळी बसने निघून रात्री घरी येणारी, शाळेची. यात्रा म्हणावी, तर तिथे देव हवा. त्याच ‘यात्रे’चे बोलीतले रूप ‘जत्रा’. तिथे पाळणेही हवेत.

वर्तमानपत्रे ‘युरोपवारी’ लिहून मोकळी होतात. पण वारी म्हणजे ठरल्या काळी पुन्हा पुन्हा जाणे. आषाढीला एकदाच पंढरपूर पाहून आलेल्याला कुणी वारकरी म्हणत नाही. संत जनाबाईंच्या गंगाखेडात तरी हे वेगळे सांगायला नको. आयुष्यात एकदा युरोप पाहिला, तर ती वारी नव्हे.

राहिला ‘प्रवास’. या शब्दाचे मूळ मोठे मजेदार आहे. प्र आणि वस्. ‘वस्’ म्हणजे राहणे. वस्ती, निवास, वसाहत ही त्याचीच भावंडे. म्हणजे प्रवासात ‘जाणे’ नाहीच. आहे ते घरापासून दूर राहणे. संस्कृत काव्यशास्त्रातली ‘प्रोषितभर्तृका’ ही याच धातूची: जिचा नवरा परगावी राहतो आहे ती. हिंदीने हा अर्थ सांभाळला. ‘प्रवासी भारतीय’ म्हणजे परदेशात स्थायिक झालेला. मराठीने मात्र शब्दाला चाके लावली. आपला प्रवासी एसटीत बसलेला असतो आणि थांबा आला की त्याचे प्रवासीपण संपते. त्यामुळे राहण्याचा अर्थ सांगायला मराठीला दुसरा शब्द हवा होता. तो अरबीतून, फारसीमार्गे आला: मुक्काम.

‘मुक्काम’च्या अरबी धातूचा अर्थ उभे राहणे. आपला ‘कायम’ही त्याच धातूचा, त्यामुळे ‘कायमचा मुक्काम’ म्हणताना एकाच घरातले दोन भाऊ आपण शेजारी बसवतो. 1948 पर्यंत निजामी अमलात असलेल्या परभणी जिल्ह्यात तर हा शब्द दुहेरी नांदला; घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि दोन्हीकडे मुक्काम. पत्त्यावरचे ‘मु. पो.’ तोच सांगते. गावात रात्री थांबून पहाटे सुटणारी एसटी ‘मुक्कामी गाडी’. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत पुढे सरकते, तीही मुक्कामांनीच मोजली जाते. मराठीत मुक्काम म्हणजे जागाही आणि रात्रींचे मापही.

सिटी ब्रेकचे नियोजन तरी दुसरे काय असते? कुठे आणि किती रात्री. व्हिसाच्या अर्जातही मुक्कामाचा पत्ता लिहावाच लागतो. महिना निवडताना मात्र दिवस मोजावेत. जूनच्या अखेरीस कोपनहेगनचा दिवस सुमारे साडेसतरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम सात. परभणीत हा फरक सव्वादोन तासांच्या आसपास भरतो.

शहर निवडताना नावांचाही थोडा कानोसा घ्यावा. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचे बंदर. त्यातला पहिला भाग खरेदी-विक्रीचा, आणि इंग्रजी ‘चीप’ही त्याच कुळातला, तिथल्या हॉटेलचे बिल हातात पडल्यावर हे नाते पटणे कठीण. स्वीडनमधल्या नॉर्शॉपिंग, लिनशॉपिंग या नावांतले ‘शॉपिंग’ही याच कुळातले, म्हणजे आपली पेठ. सोनपेठच्या माणसाला त्यात काही परके वाटू नये. स्टॉकहोममधला ‘होम’ म्हणजे घर नव्हे, बेट. आणि शहर खरोखरच 14 बेटांवर वसले आहे. रेक्याविक म्हणजे धुराची खाडी. गरम झऱ्यांची वाफ पहिल्या वसाहतवाल्यांना धूर वाटली असावी. ऑस्लोने मात्र नाव गमावून परत मिळवले. 1624 च्या आगीनंतर चौथ्या क्रिस्तियान राजाने शहर नव्याने वसवून त्याला स्वतःचे नाव दिले, क्रिस्तियानिया; जुने नाव परतले 1925 मध्ये.

रेक्याविकच्या म्हणजे आइसलँडच्या भाषेत मूर्खाला ‘हेम्स्कुर’ म्हणतात. शब्द ‘घर’ या अर्थाच्या शब्दापासून बनलेला. जो घर सोडत नाही तो मूर्ख. मराठीतला घरकोंबडा याच्या मानाने सौम्य. परभणीचा बाणा आणखी निराळा: ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’. बाहेर जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच. असे हक्काचे गाव पाठीशी असल्यावर चार दिवस बाहेर राहायला हरकत कसली?

तेव्हा जाहिरात लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘सिटी ब्रेक’साठी नवा शब्द घडवत बसू नका आणि वारीलाही वेठीस धरू नका. ‘कोपनहेगनला चार मुक्काम’ एवढेच लिहा. परभणीच्या मोंढ्यापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत ते सर्वांना कळेल.