हात, अंतर आणि दिशा

कापूस आणि बंदूक यांचे नाते यवतमाळच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण ते रसायनशास्त्राने जोडलेले आहे. १८४६ साली शोनबाइन यांनी कापसावर आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक नायट्रोसेल्युलोज सिद्ध केले; पुढे १८८४ मध्ये त्यापासून निर्धूर दारू निघाली. धूर गेला, खूण मात्र उरली.

ही खूण वाचण्याची पहिली रीत नायट्रेटवर बेतलेली होती. १९३३ मध्ये तेओदोरो गोन्झालेझ यांनी ती अमेरिकेत नेली. संशयिताच्या हातावर वितळलेले मेण ओतून साचा घ्यायचा आणि त्यात नायट्रेट शोधायचे. पण नायट्रेटयुक्त खत हाताळणारा निष्पाप शेतकरीही या कसोटीत सापडे. १९५९ मध्ये हॅरिसन आणि गिलरॉय यांनी काडतुसाच्या बुडाशी पेट घेणाऱ्या मिश्रणातील शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांकडे लक्ष वळवले. आज हे तिन्ही एकाच सूक्ष्म कणात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. तरीही तो कण ‘हा हात गोळीबाराच्या सान्निध्यात आला’ एवढेच सांगतो. गोळी का झाडली, हे सांगत नाही.

या मर्यादेचा धडा आपल्याला यवतमाळ जिल्ह्यातच मिळतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात टी-१ अर्थात ‘अवनी’ वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. आदेश मात्र असा होता, की आधी बेशुद्ध करून पकडावे. ते न साधल्यासच गोळी घालावी. गोळी असगर अली यांनी झाडली, यात वाद नव्हता. भुलीचा बाण लागल्यावर वाघीण अंगावर चालून आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणजे येथे प्रश्न हाताचा नव्हता. अंतराचा आणि दिशेचा होता. दारूचे कण नळीपासून काही फुटांपर्यंतच लक्ष्यावर उमटतात. त्यापलीकडे जखमेलाच बोलावे लागते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने निष्कर्ष काढला, की गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड विरुद्ध दिशेला होते.

‘चालून आली’ या क्रियापदाला दिशा असते, हे आपण भाषेचे अभ्यासक जाणतो. त्या तेरा घरांचे दुःख खरे होते, गावांची भीतीही खरी होती. पण त्यामुळे त्या रात्रीची हकिगत आपोआप खरी ठरत नाही. निवेदक आपली बाजू मांडतो. शरीरावरची खूण कोणाचीच बाजू घेत नाही. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचणे, हेच आपल्या हाती उरते.