आठ पराभव आणि प्रवरेच्या खोऱ्यातले दोघे

नगर जिल्ह्याच्या इतिहासात पराभवांना तोटा नाही. १६०० साली चांदबिबीचा किल्ला मोगलांनी घेतला. १८०३ साली तोच किल्ला वेलस्लीने शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. शाळेत आपण सारे हे घोकून आलो आहोत. आज सांगायची गोष्ट मात्र तोफांची नाही, चेंडूफळीची आहे. तीत एकही माणूस मेला नाही, एक बुरूज ढासळला नाही. तरी २०११ च्या जुलैपासून २०१२ च्या जानेवारीपर्यंत कोट्यवधी घरांत रात्रीचे जेवण कडू झाले होते. भारताचा कसोटी संघ परदेशात ओळीने आठ सामने हरला. चार इंग्लंडमध्ये, चार ऑस्ट्रेलियात.

त्याचा नगरशी संबंध काय, असे वाचक विचारतील. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेरापासून श्रीरामपुरापर्यंतचा मुलूख हिरवा केला. ऊस आला, साखर कारखाने आले, बाजारपेठा आल्या. वेगवान गोलंदाज येईल असे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपुरात झहीर खानचा जन्म झाला. दहा वर्षांनी, ६ जून १९८८ रोजी, त्याच खोऱ्यात संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्द या गावी अजिंक्य रहाणे जन्मला. तो पुढे डोंबिवलीत वाढला. झहीर श्रीरामपुरातच शिकला आणि सतराव्या वर्षी मुंबईच्या मैदानावर दाखल झाला. आमच्या या आठ पराभवांची कथा पहिल्यापासून सुरू होते आणि दुसऱ्यापाशी येऊन थांबते.

२०११ चा एप्रिल आठवा. २ तारखेला वानखेडेवर विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत झहीरने २१ गडी बाद केले होते. इतके बळी दुसऱ्या फक्त एका गोलंदाजाला मिळाले, पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीला. अंतिम सामन्यात पहिल्या पाच षटकांत त्याने अवघ्या सहा धावा दिल्या. कसोटीतही भारत डिसेंबर २००९ पासून जगात पहिल्या क्रमांकावर होता. दिवाळीच आली होती म्हणा, एप्रिलात.

आणि दिवाळीनंतर घर आवरायला सुद्धा चार दिवस लागतात. इथे सहाव्या दिवशी आयपीएल सुरू झाली. ती २८ मेपर्यंत चालली. पाठोपाठ संघ वेस्ट इंडीजला गेला. झहीर त्या दौऱ्यावर गेला नाही. त्याचे शरीर थकले होते. वेगवान गोलंदाजाचे शरीर हे बैलगाडीच्या आसासारखे असते. गाडी चालते तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. जुलैत इंग्लंडला पोचल्यावर कसोटी मालिकेपूर्वी सरावाचा एकच सामना मिळाला, टाँटनला, सॉमरसेटविरुद्ध. तीन दिवसांचा.

२१ जुलैला लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली. हा जगातला दोन हजारावा कसोटी सामना आणि भारत-इंग्लंड यांच्यातला शंभरावा. समारंभ मोठा होता. आभाळ भरून आलेले, हवा दमट, म्हणजे झहीरच्या मनाजोगती. त्याने प्रथम कुकला १२ धावांवर पायचीत केले, मग स्ट्रॉसला २२ वर झेलबाद. दोघेही डावरे, दोघेही सलामीचे. चौदाव्या षटकाचे तीन चेंडू टाकून झाले आणि झहीरने मांडीमागचा स्नायू धरला. तेरा षटके, तीन चेंडू, १८ धावा, २ बळी. तो मैदानाबाहेर गेला. त्या मालिकेत त्याने पुन्हा चेंडू टाकला नाही.

पुढचे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. गोलंदाज कमी पडला म्हणून यष्टिरक्षक कर्णधार धोनीने पायांचे पॅड सोडले, द्रविडला यष्ट्यांमागे उभे केले आणि स्वतः गोलंदाजी केली! घरचा आचारी पळाला म्हणून यजमानाने पंगतीत झारा हाती घ्यावा, तसा प्रकार. धोनीची षटके वाईट नव्हती हे आवर्जून सांगायला हवे. पण पीटरसनने नाबाद २०२ केल्या, इंग्लंडने ४७४ वर डाव सोडला आणि सामना १९६ धावांनी गेला.

तिथून दुखण्यांची रांगच लागली. नॉटिंगहॅमला हरभजन पोटाच्या स्नायूने आणि युवराज बोटाने जायबंदी झाला. गंभीरच्या कोपराला लॉर्ड्सवरच मार बसला होता. सेहवाग खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या कसोटीसाठी बर्मिंगहॅमला धावत आला आणि दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर परतला. तिथे इंग्लंडने ७ बाद ७१० केल्या; त्यांत एकट्या कुकच्या २९४. तो सामना संपला त्या दिवशी पहिला क्रमांकही इंग्लंडकडे गेला. ओव्हलवर झहीरच्या जागेसाठी आर. पी. सिंगला ऐन वेळी बोलावून आणले. तो २००८ नंतर कसोटी खेळलेला नव्हता. या सगळ्या पडझडीत एकटा द्रविड वाड्याच्या खांबासारखा उभा होता. तीन शतके, चार सामन्यांत ४६१ धावा. ओव्हलला सलामीला जाऊन नाबाद १४६, आणि समोरून दहा जण आले आणि गेले. पुढे एकदिवसीय सामने झाले. त्या संपूर्ण दौऱ्यात इंग्लंडविरुद्ध भारताला एकही सामना जिंकता आला नाही. फार तर एक बरोबरीत सुटला.

नगरकडचा माणूस यावर काय म्हणतो ते सांगायला नको. ‘झहीर पडला नसता तर!’ हे मत आमच्याकडे इतके पक्के आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. मलाही ते बरेच दिवस गोड वाटे. पण इतिहास लिहायचा तर पुढचे पान उलटावेच लागते, आणि ते पान ऑस्ट्रेलियाचे आहे.

झहीर घोट्याच्या उपचारानंतर डिसेंबरात मेलबर्नला उतरला. चारही कसोट्या खेळला, १५ गडी बाद केले. सिडनीला तर त्याने कमाल केली: वॉर्नर, मार्श, कोवन, तिघेही त्याचेच बळी, आणि ऑस्ट्रेलिया ३ बाद ३७. त्यानंतर क्लार्कने नाबाद ३२९, हसीने नाबाद १५०, पाँटिंगने १३४. ऑस्ट्रेलियाने डाव सोडला तो ४ बाद ६५९ वर. म्हणजे श्रीरामपूरच्या गड्याने आपले काम चोख केले होते. तरी मेलबर्न १२२ धावांनी गेले, सिडनी आणि पर्थ डावाने, अ‍ॅडलेड २९८ धावांनी. पर्थला तर तिसऱ्याच दिवशी सामान बांधावे लागले.

मग दोष कुठे होता? आठ सामन्यांतल्या सोळा डावांची धावसंख्या मी एका कागदावर ओळीने मांडून पाहिली. २८६, २६१, २८८, १५८, २२४, २४४, ३००, २८३. मग ऑस्ट्रेलियात २८२, १६९, १९१, ४००, १६१, १७१, २७२, २०१. सोळा डावांत तीनशेच्या वर गेलेला डाव एकच! आणि ही फलंदाजी कोणाची? सेहवाग, गंभीर, द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण. ज्यांची नावे घेताना बोलणाऱ्याची मान आपोआप ताठ होते, त्यांची. द्रविडचे वय ३९, तेंडुलकरचे ३८, लक्ष्मणचे ३७. वय हा गुन्हा नव्हे. परंतु तिघेही एकाच वेळी त्या वयाला पोचले आणि मागे कोण उभे आहे हे तपासायची गरज विश्वविजेत्यांना वाटली नाही. चेंडूफळीतल्या पैशाला आणि आयपीएलला दोष देऊन पुष्कळांनी लेख लिहिले. त्यात तथ्य आहे. थकलेले स्नायू त्याचीच साक्ष देतात. पण मला विचाराल तर जिंकण्याच्या आनंदात कोठार मोजायचे राहून गेले, हे मूळ दुखणे होते.

असे हंगाम आपण पूर्वीही पाहिले आहेत. १९५९ साली बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड संघ घेऊन इंग्लंडला गेले आणि पाचही कसोट्या हरून आले. त्याआधीच्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच मालिकेत चार कर्णधार बदलून झाले होते. घरातच मेळ नव्हता. तरी त्या दौऱ्यात लॉर्ड्सवर नरी काँट्रॅक्टर बरगडी मोडलेल्या स्थितीत ८१ धावा करून गेले, हे विसरू नये. १९७४ साली अजित वाडेकरांच्या संघाने तिन्ही कसोट्या गमावल्या आणि लॉर्ड्सवर एका डावात सारा संघ ४२ धावांत गारद झाला. तीनच वर्षांपूर्वी याच वाडेकरांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आणली होती! त्या १९७४ च्या पडत्या संघात बर्मिंगहॅमला पहिलीच कसोटी खेळताना ७७ धावा काढणारे एक मुंबईकर होते, सुधीर नाईक. पुढे श्रीरामपूरचा पोरगा मुंबईला नॅशनल क्रिकेट क्लबात आला तेव्हा त्याला घडवणारे गुरू हेच. वाईट हंगाम कसा सोसावा याचे शिक्षण त्याला परंपरेनेच मिळाले होते म्हणायचे.

आता आश्वीकडे वळू. इंग्लंडच्या त्या भकास दौऱ्यात, ३१ ऑगस्ट २०११ रोजी, मँचेस्टरला वीस षटकांच्या सामन्यात रहाणे भारताकडून प्रथमच खेळला आणि ३९ चेंडूंत ६१ धावा करून गेला. भारत तो सामनाही हरला, म्हणून त्या धावांकडे फारसे कुणी पाहिले नाही. नोव्हेंबरात त्याला कसोटी संघात घेतले. डिसेंबरात तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि चारही सामने त्याने सीमेबाहेरून पाहिले. पाणी न्यायचे, हातमोजे न्यायचे, सरावात चेंडू फेकायचे. आत थोर मंडळी दोनशे आणि एकशे साठ करून परत येत होती, आणि आश्वीचा मुलगा बाकावर होता. मार्च २०१३ मध्ये दिल्लीला त्याला पहिली कसोटी मिळाली. तोवर द्रविड आणि लक्ष्मण निवृत्त झाले होते. त्या सामन्यात त्याच्या धावा ७ आणि १. दैवाची थट्टा अशी पाठ सोडत नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे या खोऱ्यातले दोघेही एकाच कसोटीत खेळले. रहाणेने ११८ धावा केल्या. त्याचे हे पहिले कसोटी शतक. झहीर पस्तीस वर्षांचा होता. मॅक्युलम ३०२ धावा करीत होता आणि न्यूझीलंडचा एकच डाव ६८० पर्यंत चालला, त्या डावात झहीरने ५१ षटके टाकली आणि १७० धावांत पाच गडी मिळवले. तेरा षटकांत ज्याचा स्नायू तुटला होता त्याची ही ५१ षटके! ती त्याची शेवटची कसोटी ठरली. ९२ सामने, ३११ बळी. २०१५ च्या ऑक्टोबरात त्याने निवृत्ती जाहीर केली.

आणि पाच महिन्यांनी, १७ जुलै २०१४ रोजी, पुन्हा लॉर्ड्स. खेळपट्टी इतकी हिरवी की मैदान कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते ते लांबून कळेना. ऊस लावावा अशी जमीन. भारत ७ बाद १४५. रहाणेने भुवनेश्वरकुमारला हाताशी धरून ९० धावांची भागी केली आणि १०३ धावांवर तो अँडरसनच्या हाती झेल देऊन परतला. भारताच्या २९५ झाल्या. पाचव्या दिवशी ईशांत शर्माने सात गडी बाद केले आणि भारताने लॉर्ड्सवर १९८६ नंतर प्रथमच सामना जिंकला, ९५ धावांनी. मालिका पुढे ३-१ अशी हरलीच. परंतु लॉर्ड्सच्या पाहुण्यांच्या खोलीत शतकवीरांची नावे लिहिण्याचा फळा आहे. २०११ मध्ये तिथे फक्त द्रविडचे नाव चढले होते. झहीरच्या दोन बळींना त्या फळ्यांवर जागा नव्हती. २०१४ साली तिथे अजिंक्य रहाणेचे नाव लिहिले गेले.