बनारसचे नीळकंठशास्त्री गोरे: खंडन करणारा पंडित आणि फादर

उज्जैनच्या सिंधिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५१ साली एक संस्कृत ग्रंथ छापला, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. संपादक स. ल. कात्रे. विषय ख्रिस्ती धर्माचं खंडन. ग्रंथ लिहिला गेला १८४४-४५ मध्ये, बनारसला. लिहिणारा चित्पावन ब्राह्मण, वय जेमतेम वीस. तो छापून बाहेर आला तेव्हा लेखकाला जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती, आणि लेखक वारला तो ख्रिस्ती पाद्री म्हणून!

ही प्रत मला ग्वाल्हेरला एका परिचितांच्या घरी रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाली. माझं संस्कृत शाळेपुरतं. सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामावर गेली, त्यातली बरीच वर्षं बेतवेच्या काठी, झाशीच्या आसपास. नीळकंठ गोरे जन्मले ते त्याच झाशी भागातल्या काशीपुऱ्यात, ८ फेब्रुवारी १८२५ रोजी. तिथे इतकी वर्षं काढली, पण तिथल्या कुठल्याही मराठी घरात हे नाव मी ऐकलं नाही. झाशीच्या राणीसाहेबांवर आपण तासन्‌तास बोलतो. धर्म सोडलेल्या शास्त्र्याचं नाव मात्र घरातून पुसलं गेलं, असाच अर्थ मी लावतो.

गोरे घराणं बांद्याच्या नवाबांच्या पदरी होतं. बांद्याचे नवाब म्हणजे बाजीराव-मस्तानीचा वंश, हे वाचकांना सांगायला नको. पुढे घराणं काशीला गेलं आणि मुलगा तिथल्या परंपरेत शास्त्रं शिकला.

त्या काळात जॉन म्यूर नावाच्या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा ग्रंथ चक्क संस्कृत श्लोकांत लिहिला. खरा धर्म ओळखायच्या त्याच्या कसोट्या तीन. संस्थापकाने चमत्कार केलेले असावेत, शास्त्र पवित्र असावं, आणि ते सगळ्या माणसांसाठी असावं. या कसोट्यांवर ख्रिस्ती धर्मच तेवढा उतरतो, असं त्याचं म्हणणं. त्याला तीन पंडितांनी संस्कृतात उत्तरं दिली. पहिलं 'सोमनाथ' या नावाने आलं. या नावामागे सिहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू होते, असं रिचर्ड फॉक्स यंग या अभ्यासकाचं मत आहे. म्हणजे तीनांतली दोन उत्तरं आपल्या मराठी माणसांची! (माळव्यातल्या सभासदांनी सुबाजी बापूंवर स्वतंत्र लेख लिहावा, ही जुनी विनंती पुन्हा करतो.)

तिसरं आणि सगळ्यात धारदार उत्तर नीळकंठाचं. त्याचं म्हणणं असं की नुसत्या तर्काने धर्म ठरत नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा, मग तिच्या आत तर्क. नुसता तर्कच लावायचा तर तो बायबललाही लावा. एक माणूस जन्मतः आंधळा, दुसरा राजाच्या पोटी, हे का? आम्ही कर्म सांगतो, तुम्ही काय सांगता? जनावरांनी कुठलं पाप केलं म्हणून ती दुःख भोगतात? आणि एका छोट्याशा आयुष्यातल्या चुकीसाठी देव जिवाला कायमचा नरकात टाकतो, त्याला दयाळू कसं म्हणायचं?

हे प्रश्न लक्षात ठेवा, कारण त्यांनी लेखकाला मरेपर्यंत सोडलं नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ बनारसला होते. नीळकंठ त्यांच्याशी वाद घालायला जायचे, आणि खोडायचं म्हणून बायबल वाचायचे. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात रुतलं. तरी शंका संपेनात. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीतला गलबला टाळून, जौनपूरला बाप्तिस्मा झाला. नवं नाव नहेम्या. पत्नी लक्ष्मीबाईही पुढे ख्रिस्ती झाल्या. १८५३ मध्ये मुलगी एलन लक्ष्मी जन्मली, आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई गेल्या. मुलगी इंग्रज घरांत वाढली, पुढे इंग्रजी भक्तिगीतं लिहून प्रसिद्ध झाली. बापाने मुलीला दुसऱ्यांच्या हाती सोपवलं, हे मला पटत नाही; पण आईवेगळ्या तान्ह्या मुलीला घेऊन, नात्यातून तुटलेल्या माणसाने जायचं कुठे, याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते विलायतेला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांची भेट झाली. म्यूलर यांनी पुढे लिहून ठेवलंय की हा माणूस निराश होऊन आला होता. डोंगरावरचं प्रवचन वाचून धर्म घेतलेल्या माणसाने लंडन पाहिलं, तेव्हा दुसरं काय होणार!

परतल्यावर त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिला (१८६०). फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाचं इंग्रजी भाषांतर १८६२ ला कलकत्त्यात निघालं. न्याय, सांख्य, वेदान्त अशी दर्शनं एकेक घेऊन त्यांची परीक्षा केलीय. सर्वाधिक रोख वेदान्तावर: सत्तेचे पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक असे प्रकार पाडले की प्रत्येक अडचणीला पळवाट मिळते, हा त्यांचा आक्षेप. मतभेद असू द्या, पण हा माणूस वेदान्त बाहेरून नव्हे, आतून ओळखत होता. पुढे ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाला त्यांनी सुनावलं की तुमचा प्रेमळ, व्यक्तिरूप देव उपनिषदांतला नाही, तो तुम्ही ख्रिस्ती धर्मातून उसना घेतलाय. त्याच वेळी भक्ती, वैराग्य, क्षमा, अवतार या कल्पनांनी हिंदू मनाची मशागत देवानेच करून ठेवलीय, असंही ते मानत. पंडिता रमाबाईंच्या १८८३ च्या बाप्तिस्म्यामागे त्यांचं लिखाण होतं, हे रमाबाईंनी स्वतः सांगितलंय.

त्यांना प्रोटेस्टंट म्हणावं का? दीक्षा प्रोटेस्टंट मिशनऱ्यांकडून, हे खरं. पण १८७० ला ते अँग्लिकन प्रीस्ट झाले, मग ऑक्सफर्डच्या कौली फादर्सच्या मठात उमेदवार म्हणून राहिले, अंतिम व्रतं मात्र घेतली नाहीत. ज्या पंथात गेले त्यालाही त्यांनी तपासल्याशिवाय सोडलं नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनशीही त्यांचा संबंध आला. (हो, तेच चहाचं पंचहौद.)

आणि नरकाचा प्रश्न? १८६८ मध्ये फादर गोऱ्यांनी कलकत्त्यात एक पुस्तिका काढली, चिरंतन शिक्षेच्या सिद्धान्तावरच्या आक्षेपांना उत्तर देणारी. बांधकामात सर्वांत कमजोर सांधा कुठे आहे, हे ज्याने तो फोडायचा प्रयत्न केला त्यालाच कळतं. तेवीस वर्षांपूर्वी घण घालणारे तेच, आता टेकू देणारेही तेच. काशीच्या नीळकंठाचं समाधान त्या उत्तराने झालं असतं, असं मला वाटत नाही. फादर गोऱ्यांचं झालं असावं याचीही मला खात्री देववत नाही, कारण शंकांचं ओझं बाप्तिस्म्यानंतरही त्यांच्या पाठीवरून उतरलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते मुंबईत वारले.

झाशी, बांदा, कर्वी भागातल्या कुणा मराठी घरात गोरे घराण्याचे मोडी कागद असतील, तर मंडळाला जरूर कळवावं. कागद जागेवर येऊन पाहू, घेऊन जाणार नाही.